रानवाटेने केंटकीला : मे १७९०

आषाढी वारीत पालखीचा मुक्काम कोणत्या तारखेला कोणत्या गावी, हे वाटेवरच्या गावांना आधीच ठाऊक असतं आणि त्या हिशेबाने चुली पेटतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सरहद्दीवर मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांचं सगळं काम अशाच तारीखवार यादीवर चालत होतं. दिंडी मात्र नसे. एक माणूस, एक घोडा आणि दोनशे ते पाचशे मैलांचा गोल फेरा, चार किंवा सहा आठवड्यांत निघाल्या जागी परत आणणारा. या फेऱ्याला ते सर्किट म्हणत. फेऱ्यात वीस-तीस ठिकाणं असत : कुणाचं ओंडक्यांचं घर, धान्याचं कोठार, नाहीतर झाडाखालची सावली. प्रत्येक ठिकाणचा वार आणि वेळ ठरलेली. प्रचारक चुकला तर लांबून पायी आलेली माणसं तशीच परत फिरत आणि पुढची सभा महिन्यानंतर. म्हणून या लोकांच्या लेखी उत्तम प्रवचनापेक्षाही ठरल्या दिवशी दारात घोडा उभा राहणं मोठं होतं.

ही व्यवस्था अमेरिकेत रुजवली फ्रान्सिस ॲस्बरी यांनी. जन्म १७४५, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ. १७७१ मध्ये ते अमेरिकेत आले ते कायमचेच. १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली, तेव्हा ते तिथे नेते म्हणून नेमले गेले आणि पुढे बिशप म्हणवले गेले. पण बिशप झाले म्हणून घर आलं नाही की गादी आली नाही. तेही घोड्यावरच राहिले, अविवाहित राहिले आणि साध्या प्रचारकाइतकाच वार्षिक भत्ता घेत राहिले : ६४ डॉलर. साऱ्या देशालाच त्यांनी आपलं सर्किट केलं. मे १७९० मध्ये ते पहिल्यांदा डोंगर ओलांडून केंटकीत गेले. त्या प्रवासाच्या नोंदी त्यांनी रोजच्या रोज केल्या, त्यामुळे हा रस्ता आजही टप्प्याटप्प्याने चालून पाहता येतो.

निघण्याआधी : पडशी आणि घोडा

प्रचारकाचा सगळा संसार खोगिरावर आडव्या टाकलेल्या चामडी पडशीत मावायचा. एका बाजूला बायबल, स्तोत्रांचं पुस्तक आणि पंथाचे नियम सांगणारं ‘डिसिप्लिन’. दुसऱ्या बाजूला एखादा जादा सदरा, वस्तरा, चकमक, मक्याची भाकरी, खारवलेलं डुकराचं मांस. विकायची पुस्तकंही असत. फिलाडेल्फियाला १७८९ मध्ये जॉन डिकिन्स यांनी स्वतःचे ६०० डॉलर उसने देऊन पंथाचं प्रकाशनगृह सुरू केलं होतं आणि त्याचे विक्रेते म्हणजे हेच घोडेस्वार. जिथे दुकान नव्हतं, रस्ता नव्हता, तिथे पुस्तक पोचलं ते या पडशीतून.

पडशी भरणं हे कौशल्याचं काम. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. एक बाजू जड झाली की खोगीर हळूहळू तिकडे सरकतं, तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, एका अंगाला कातडीत रुततो आणि दोन दिवसांत घोड्याच्या खांद्यापाशी जखम होते. खोगिराखालच्या कांबळ्याला सुरकुती राहिली किंवा ते ओलं राहिलं तरी तोच परिणाम. उघड्या पाठीवर खोगीर घालता येत नाही. जखम भरायला आठवडे लागतात आणि तेवढ्या आठवड्यांच्या सभा बुडतात. पुस्तकं तेल लावलेल्या कापडात गुंडाळायची, कारण नदी आली की पडशी पाण्यात जाणार हे गृहीतच.

घोडा प्रचारकाचा स्वतःचा असे. पंथ तो देत नव्हता. ६४ डॉलरच्या वर्षात घोडा मेला तर वर्षाचा हिशेबच कोलमडायचा. घोड्याला बेताने पळवा, त्याला खरारा झाला का, चारा मिळाला का, खाली गवत अंथरलं का, हे दुसऱ्यावर न सोपवता स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, असा नियमच पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्यापासून चालत आला होता. धर्माच्या नियमपुस्तकात तबेल्याचं कलम असणं मला फार बोलकं वाटतं. हा नियम लिहिणाऱ्याने नक्कीच रात्री दहा वाजता यजमानाच्या तबेल्यात जाऊन रिकामी गव्हाण पाहिलेली असणार.

रात्री घोड्याच्या पुढच्या पायांना पायबंद आणि गळ्यात घंटा. पायबंद ढिला राहिला किंवा दोर कुजका निघाला, तर सकाळी घोडा दोन-चार मैल दूर आणि घंटेच्या आवाजाच्या मागे अख्खा दिवस वाया. सरहद्दीवर नियोजन बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण शत्रूही नव्हतं आणि वादळही नव्हतं : चरायला सोडलेला घोडा सापडत नव्हता, एवढंच.

पॉवेलचं खोरं : शेवटचं ठाणं

व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य टोकाला पॉवेल नदीच्या खोऱ्यात वस्ती संपायची. पुढे केंटकीच्या वस्तीपर्यंत शंभराहून अधिक मैल रान. केंटकीहून पीटर मॅसी आणि त्यांच्यासोबतची माणसं ॲस्बरींना न्यायला या बाजूला आली होती. हा सरहद्दीचा रिवाज. रानवाट एकट्याने पार करायची नाही, शेवटच्या ठाण्यावर थांबायचं, पुरेशी माणसं आणि बंदुका जमल्या की निघायचं. या तुकडीत सोळा पुरुष होते आणि बंदुका तेरा. ॲस्बरींचे सहप्रवासी रिचर्ड व्हॉटकोट तर पन्नाशी उलटलेले. स्वतः ॲस्बरी ४४ वर्षांचे, आणि घसा, छाती, पोट यांपैकी काही ना काही कायम दुखणारे.

माणसं जमेपर्यंत थांबणं हे कोष्टकवाल्या माणसाला सगळ्यात जड जातं. केंटकीतले प्रचारक एका ठिकाणी जमून वाट पाहत होते. डोंगराच्या अलीकडे, उत्तर कॅरोलायनात, याडकिन नदीकाठची दुसरी परिषदही याच महिन्यात भरायची होती. इथे गेलेला प्रत्येक दिवस तिथल्या हिशेबातून वजा होत होता.

रानातला पहिला दिवस : खिंड

कम्बरलँडची खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० फुटांवर. आपल्या घाटांच्या मानाने उंची काहीच नाही. पण शेकडो मैल लांब डोंगराच्या भिंतीत घोडा नेता येईल अशी जागा तिथे हीच. बायसनांचे, म्हणजे तिथल्या रानगव्यांचे, कळप आणि त्यांच्या मागे शिकारी शेकडो वर्षं इथूनच जात. १७७५ च्या मार्चमध्ये डॅनियल बून सुमारे तीस माणसं घेऊन याच पायवाटेने झाडं तोडत, खुणा करत गेला. त्या वाटेला वाइल्डरनेस रोड असं भारदस्त नाव पडलं, तरी १७९० मध्ये ती घोडा जेमतेम मावेल एवढीच होती. बैलगाडी किंवा घोडागाडी जाईल असा रस्ता १७९६ मध्ये झाला. म्हणजे त्याआधी केंटकीत गेलेली प्रत्येक कढई, प्रत्येक नांगराचा फाळ आणि प्रत्येक बायबल जनावराच्या पाठीवरून, माणसाच्या खांद्यावरून, नाहीतर ओहायो नदीतून होडीने गेलं.

पहिल्या दिवसाचं अंतर ॲस्बरींच्या अंदाजाने ३५ मैल. सपाट रस्त्यावर चांगल्या घोड्याला दिवसाला तीस मैल रोजच्या रोज झेपतात. इथे चढ, दलदल आणि आडवे पडलेले वृक्ष होते, म्हणजे हा वेग भीतीचा वेग होता. खिंड उतरल्यावर यलो क्रीकचा चिखल. चिखलात नाल सुटते. नाल सुटलेला घोडा पुढे खडकाळ भागात काही तासांत लंगडतो. म्हणून जाणती माणसं निघण्याच्या आदल्या दिवशीच चारही खूर उचलून पाहत आणि वळलेला खिळा बदलून घेत.

रात्री मुक्काम उघड्यावर. ॲस्बरींना त्या रात्री जेमतेम तासभर झोप लागली.

दुसरा आणि तिसरा दिवस : नद्या, बांबूची रानं, कबरी

खिंडीपलीकडे वाट कम्बरलँड नदीच्या उतारावर येते. आजचं पाइनव्हिल हेच ते ठिकाण. उतार म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. पण मे महिन्यात पाऊस झालेला असला की उताराचा भरवसा नाही. पोहून जायचं तर त्याची रीत ठरलेली होती. पलीकडे जिथे चढायचं तिथून बरंच वरच्या बाजूने पाण्यात शिरायचं, कारण प्रवाह खाली ओढणारच. पाय रिकिबीतून आधीच मोकळे करायचे. पडशी खोगिरावरून काढून स्वतःच्या खांद्यावर. पाणी पोटाला लागलं की लगाम सैल सोडायचा आणि आयाळ धरायची. घाबरून लगाम खेचला तर घोड्याचं डोकं मागे येतं, पुढचे पाय वर येतात, तो उलटतो आणि स्वार खाली सापडतो. पोहता न येणारे कितीतरी प्रचारक अशा नद्या वर्षातून पन्नासदा ओलांडत. घोड्यावर विश्वास टाकायला शिकणं हीच त्यांची पोहण्याची तालीम.

नदी सोडल्यावर फ्लॅट लिक, स्टिंकिंग क्रीक, रिचलँड क्रीक, मग लॉरेल नदी. ही नावं म्हणजे त्या काळचा नकाशाच होता : खारट चाटण, वास मारणारा ओढा, सुपीक जमीन. मैलच्या मैल एक प्रकारच्या उंच बांबूचं दाट रान, दोन माणसांच्या उंचीचं, ज्यात पुढच्या घोड्याची शेपटीही दिसू नये. घोडे त्याची पानं आवडीने खातात, त्यामुळे चाऱ्याची चिंता मिटते. पण माणसाला तिथे दिशा राहत नाही आणि कोण दबा धरून बसलं आहे ते कळत नाही.

ॲस्बरींनी या प्रवासाला समुद्रप्रवासाची उपमा दिली, काही बाबतींत त्याहूनही वाईट म्हटलं. एक बारकावा त्यांनी टिपला तो मला प्रवचनांहून मोलाचा वाटतो. घोड्यावर बसल्या बसल्या त्यांचे डोळे नकळत पुढे कुंपण शोधत राहायचे. आज कुणाच्या घरी उतरायचं होतं, ते नाव मन आठवत बसायचं. रोज नव्या घरी उतरायची वीस वर्षांची सवय. रानात घरच नव्हतं, तरी सवय चालूच होती.

लॉरेल नदीच्या पुढे, आजच्या लंडन गावाजवळ, त्यांनी एका छावणीच्या जागी चोवीस कबरी पाहिल्या. ऑक्टोबर १७८६ मध्ये मॅकनिट कुटुंबाच्या तांड्यावर इथे रात्री हल्ला झाला होता. ॲस्बरींच्या कानावर आलं ते असं : त्यांनी पहारा ठेवला नव्हता, उशिरापर्यंत पत्ते खेळत बसले होते, आणि एका बाईने पहारा ठेवा म्हणून नवऱ्याकरवी विनवलं तर तिच्या नवऱ्याला शिव्या मिळाल्या. ॲस्बरींनी त्यातून पापाचा धडा काढला. व्यवहाराचा धडा पहाऱ्याचा आहे, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी तोच अमलात आणला.

या नोंदींमध्ये मूळ रहिवाशांसाठी रानटी असाच शब्द येतो आणि तो वाचताना खटकतो. ही चेरोकी आणि शॉनी लोकांची शिकारीची भूमी होती. १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनने काही चेरोकी प्रमुखांकडून तिचा मोठा भाग विकत घेतल्याचा करार केला, तेव्हा ड्रॅगिंग कॅनू या तरुण नेत्याने त्याला उघड विरोध केला होता. पुढची पंधरा-वीस वर्षं त्या वाटेवर जे रक्त सांडलं त्याचं मूळ त्या जमिनीत आहे. प्रचारक शस्त्राविना आले तरी ते वसाहतवाल्यांच्या लोंढ्यातलेच होते.

रानातली शेवटची रात्र दोन तास झोपेची. नियमित जेवण एकही नाही, भाकरी संपत आलेली.

१० मे, सोमवार : मॅडिसन परगणा

वस्ती लागली. मॅडिसन परगण्यात मेथॉडिस्ट प्रवचन आधीच पोचलेलं होतं, कारण १७८६ पासून जेम्स हॉ आणि बेंजामिन ऑग्डन केंटकीत फिरू लागले होते. इथे घर म्हणजे ओंडक्यांची एक खोली, फटींत माती, एका बाजूला चूल. त्याच खोलीत जेवण, प्रवचन आणि झोप. यजमानांची मुलं, पाहुणे, कुत्री सगळी एकत्र. मक्याची भाकरी, अस्वलाचं किंवा हरणाचं मांस, ससाफ्रासच्या मुळांचा चहा. अशा बिछान्यांतून खरूज व्हायची आणि त्यावर गंधकाचं मलम लावायचं. ॲस्बरींनी पुढे एकदा लिहिलं की गंधकात भिजवलेला सदरा घालून झोपल्याशिवाय यातून सुटका नाही. हिवतापाने तर प्रचारक जायबंदी व्हायचे. अंगात थंडी भरली की सिंकोनाची साल घ्यायची, ती नसली तर घाम येईपर्यंत पांघरुणात पडून राहायचं. ताप एक दिवसाआड येतो हे ओळखून, ताप नसलेल्या दिवशी दुप्पट मैल कापणारेही होते.

११ मे : केंटकी नदी, मग लेक्सिंग्टन

केंटकी नदी उंच चुनखडी कड्यांच्या घळीतून वाहते. पोहण्यापेक्षा कडा उतरणं-चढणं अवघड. चढ तीव्र असला की खाली उतरून घोडा हाताने न्यायचा, तंग आवळून घ्यायचा, नाहीतर खोगीर मागे घसरतं. पलीकडे चुनखडीवरची निळसर गवताची काळी जमीन लागते. इतकी सुपीक जमीन आपण पाहिली नव्हती, अशी ॲस्बरींची नोंद आहे. त्या वर्षीच्या जनगणनेत केंटकीची लोकसंख्या ७३,६७७ भरली. त्यातले १२,४३० गुलाम होते. मेथॉडिस्टांनी १७८४ मध्ये गुलाम बाळगण्याविरुद्ध कडक नियम केला होता, पण विरोध होताच काही महिन्यांत तो स्थगित केला. सरहद्दीवर मनुष्यबळ हीच संपत्ती होती आणि तिथे पंथ हळूहळू नमत गेला. या इतिहासातली ही सर्वांत दुखरी जागा आहे.

मेचा मधला आठवडा : मास्टरसन यांच्या घरी परिषद

लेक्सिंग्टनपासून चार-पाच मैलांवर रिचर्ड मास्टरसन यांचं ठाणं. केंटकीतली पहिली वार्षिक परिषद त्यांच्या घरात भरली. घर ऐसपैस, माणसं प्रेमळ, असं ॲस्बरी म्हणतात. परिषदेला प्रचारक मूठभरच : फ्रान्सिस पॉयथ्रेस, जेम्स हॉ, विल्सन ली, स्टीफन ब्रूक्स, बार्नाबस मॅकहेन्री आणि वाट दाखवायला आलेले पीटर मॅसी.

परिषद म्हणजे प्रश्नोत्तरांची ठरलेली यादी. उमेदवारीवर कोण आले? पूर्ण सदस्य कोण झाले? या वर्षी कोण वारलं? मग प्रत्येकाच्या वागणुकीची तपासणी. ज्याची पाळी तो बाहेर जातो, बाकीचे उघड बोलतात. कुणाकडे पैसे कमी आले, कुणाला जास्त मिळाले याचा हिशेब मांडला जातो. ६४ डॉलर ही कमाल रक्कम होती, हमी नव्हती. सर्किटवर वर्गणी जमलीच नाही तर तीस-चाळीस डॉलरांतही वर्ष काढावं लागे. ती रक्कमही नाण्यांत क्वचित, बहुधा कापड, लोकर, मोजे, धान्य या रूपात. भत्ता १८०० मध्ये ८० डॉलर झाला आणि १८१६ मध्ये १००.

शेवटी नेमणुका वाचल्या जातात. लेक्सिंग्टन, लाइमस्टोन, डॅनव्हिल, मॅडिसन, कम्बरलँड : कुणी कुठे जायचं ते बिशप ठरवणार आणि त्यावर अपील नाही. दोन वर्षांनी, १७९२ मध्ये, जेम्स ओ’केली यांनी अपिलाचा हक्क मागितला, तो नाकारला गेला, आणि ते आपले लोक घेऊन बाहेर पडले. मला त्यांची मागणी न्याय्य वाटते. पण नेमणूक निवडायची मोकळीक असती तर कम्बरलँडच्या सर्किटला, म्हणजे नॅशव्हिलच्या भागातल्या त्या एकाकी फेऱ्याला, कुणी गेलं असतं का, हा प्रश्नही सुटत नाही.

याच परिषदेत बेथेल नावाच्या शाळेची योजना झाली आणि जमीन व पैसे मिळून तीनशे पौंडांवर वर्गणीची वचनं आली. रानातून येऊन अंग ठेचकाळलेल्या माणसांनी पहिल्याच बैठकीत शाळा मागावी, हे विशेष. शाळा उभी राहिली, पण पैशाअभावी फार वर्षं टिकली नाही.

त्यानंतरचे दहा दिवस : सर्किटवर

नेमणूक ऐकली की त्याच दिवशी घोडे सुटतात. ॲस्बरी २४ मेपर्यंत केंटकीत प्रवचनं करत हिंडले. त्यांच्याकडून नेमणूक घेऊन गेलेल्या प्रचारकाचा सर्किटवरचा दिवस कसा असे, ते इथेच सांगायला हवं.

पहाटे चारला उठणं, मग प्रार्थना. दिवसातले पाच तास वाचनाला द्यावेत, असा नियम. घरात एकच खोली, म्हणून वाचन बहुतेक घोड्यावर होई, वाट सरळ असेल तिथे लगाम मानेवर टाकून. सभा दुपारी, म्हणजे शेतावरची माणसं येऊ शकतील. येणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे स्तोत्रांचं पुस्तक असे, म्हणून प्रचारक दोन ओळी मोठ्याने म्हणे, मग सगळे त्या ओळी गात, मग पुढच्या दोन. भजनात बुवांनी चरण सांगावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा, तसंच. प्रवचन हातात कागद न घेता. तासभर तरी. एकच प्रवचन सर्किटभर वीसदा होई आणि विसाव्या वेळी ते पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगलं झालेलं असे. नवख्या प्रचारकाला हा मोठाच आधार होता.

प्रवचनानंतर दार लावून घेत आणि खरं काम सुरू होई. क्लास म्हणजे साधारण बारा जणांचा गट, त्यातलाच एक जण प्रमुख. प्रमुख दर आठवड्याला प्रत्येकाला विचारतो : मन कसं आहे, कुठे घसरलात, कुणाशी भांडण? प्रचारक आला की यादी घेऊन नावागणिक हेच पाहतो. गैरहजर कोण, आजारी कोण, दारूकडे पुन्हा कोण वळलं. दर तिमाहीला तिकीट नवीन होतं. वागणूक बिघडली तर तिकीट मिळत नाही, आणि तिकिटाविना पाव-पाण्याच्या प्रीतिभोजनाला आत प्रवेश नाही. नव्या माणसाला सहा महिने उमेदवारी. प्रचारक महिन्यातून एकदाच येतो, बाकीचे दिवस सगळं या प्रमुखांच्या जिवावर. त्यांत शेतकरी असत, विणकर असत, स्त्रियाही असत. सर्किट मोडायचं ते प्रचारक वाईट असल्यामुळे नव्हे, बहुतेकदा एखाद्या ठिकाणी चांगला प्रमुख नसल्यामुळे. तिथे महिन्याने परत यावं तर बारापैकी तीन उरलेले.

ही क्लासची रीत पुढे मुंबईलाही आली. व्हर्जिनियात जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली होती त्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उपदेश केलेले विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी नव्या सभासदांचे घरोघर भरणारे छोटे गट बांधले. १८४८ पासून मुंबईत राहिलेले जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. कुलाब्याचं बोवेन चर्च त्यांच्याच नावाने आहे.

हवामानाची सबब चालत नसे. फार वाईट दिवस असला की सरहद्दीवरचे लोक म्हणत, आज बाहेर कावळे आणि मेथॉडिस्ट प्रचारक यांशिवाय कुणी नसणार. त्याची किंमत शरीर चुकवत होतं. ओल्या कपड्यांत प्रवचन, ओल्याच कपड्यांत पुढचे दहा मैल, मग खोकला, मग क्षय. ॲस्बरींना घ्यायला आलेले पीटर मॅसी या परिषदेनंतर कम्बरलँडकडे नेमले गेले आणि डिसेंबर १७९१ मध्ये वारले, दोन वर्षांच्या आत.

२४ मे, सोमवार : परतीची तुकडी

परत जाताना सोबत पन्नासेक माणसं. त्यांतले वीस सशस्त्र, आणि ॲस्बरींच्या मते गोळीबारासमोर टिकतील असे पाच. एवढा सैल जमाव घेऊन रानात शिरायचं म्हणून त्यांनी आधी कलमं लिहून काढली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि चालण्याचा क्रम लावून दिला. काही जणांनी सही करायला नकार दिला. त्यांना मागे ठेवलं, तर तेच कुरकुर करू लागले. सर्किटचा माणूस इथे नेमका दिसतो : चोवीस कबरी पाहून आल्यावर त्याने प्रार्थना केली असेलच, पण केलेली व्यवस्था लेखी आहे, सहीनिशी.

पहिला मुक्काम हेझल पॅचच्या काही मैल पुढे.

दुसरा दिवस

वाटेवर ताज्या खुणा दिसल्या. पुढचे थांबले. मागचे सगळे येऊन मिळेपर्यंत कुणी हललं नाही. तुकडीवरचा हल्ला बहुधा लांबलेल्या रांगेच्या शेपटावर होतो, लंगड्या घोड्यापाशी, मागे राहिलेल्या बायका-मुलांपाशी. त्यानंतर रांग घट्ट झाली. अंधार पडल्यावरही चालत राहून रिचलँड क्रीक गाठली. कुणालाही इजा नाही.

तिसरा दिवस आणि पुढे

खिंड ओलांडून वस्तीत. इथून पुढे पहारा नको, पण वेगही कमी करता येत नव्हता. होल्स्टनचं खोरं, मग ब्लू रिजचे डोंगर, मग उत्तर कॅरोलायना. केंटकीला जाताना सहा दिवसांत सुमारे तीनशे मैल झाले होते, येताना नऊ दिवसांत सुमारे पाचशे. म्हणजे रोज पंचावन्न. माणसाला आणि जनावराला किती ताण पडला, याचा उद्गार ॲस्बरींनी दोघांना एकाच वाक्यात घेऊन काढला आहे.

याडकिनकाठच्या मॅकनाइट यांच्याकडची परिषद जवळजवळ दोन आठवडे त्यांची वाट पाहत थांबलेली होती. तारीख उलटून गेली तरी प्रचारक पांगले नव्हते. दरम्यान त्यांनी बरंचसं काम आपसांत उरकून ठेवलं होतं. मृत्यूच्या जबड्यातून परत आलेला माणूस भेटावा, तसे ते ॲस्बरींना भेटले. मग राहिलेला कारभार पुरा केला, नेमणुका वाचल्या, आणि घोडे सोडले.